परळचे हाफकिन : लोकांना लस समजावून देणारे यहुदी शास्त्रज्ञ

मुंबईत ज्यांचे बालपण गेले त्यांना परळचे हाफकिन ठाऊक नाही असे सहसा होत नाही. सापाच्या विषावरची लस तिथे तयार होते, आणि कसलीशी टोचण्याची औषधे तिथून गावोगाव जातात, एवढे शाळकरी पोरांनाही माहीत असे. पण हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस आपल्यासारखाच यहुदी होता, हे निदान मला तरी इस्राएलात आल्यावरच कळले. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे असेच झाले असेल. म्हणून या अंकात त्यांची हकिगत देत आहे. त्यांनी लस कशी शोधली हे तर सांगायचेच आहे, पण त्याहून अधिक मला दुसरेच सांगावेसे वाटते. भ्यालेल्या, रागावलेल्या आणि सरकारवर काडीचाही विश्वास नसलेल्या लोकांना ही लस म्हणजे काय हे त्यांनी कसे पटवून दिले, आणि एकदा ते पटवणे फसले तेव्हा त्यांचे काय झाले.

वाल्देमार मोर्देखाई हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी झाला. बालपण बर्द्यान्स्क या गावी गेले. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तिथे त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकोव्ह. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकोव्ह, आणि त्यांची आई यहुदी घराण्यातली. ते दिवस रशियातल्या यहुद्यांसाठी फार वाईट होते. दंगे होत, घरे लुटली जात. तरुण हाफकिन स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या यहुदी तरुणांच्या दलात सामील झाले आणि त्यापायी पकडलेही गेले. गुरूंनी रदबदली केली म्हणून सुटका झाली. शिक्षण संपल्यावर चांगली जागा मिळण्यासारखी होती, पण अट एकच होती, ती म्हणजे बाप्तिस्मा घ्यायचा. हाफकिननी नकार दिला. मग ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात किरकोळ नोकरी, १८८८ साली जिनिव्हा, आणि पुढल्याच वर्षी पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. तिथेही आरंभी त्यांना ग्रंथालयातील सहायकाची जागा मिळाली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंवर काम करायचे.

हे काम होते पटकीच्या जंतूंवर. युरोपात व आशियात पटकीने त्या वेळी धुमाकूळ घातला होता. लसीमागची कल्पना तशी साधी आहे. आपल्या कोकणात आई लहान मुलाला मेलेला विंचू दाखवते, तो का? पोराने नांगी, आकडे, रंग पाहून ठेवावा, म्हणजे जिवंत विंचू दिसला की ते आपोआप पाय मागे घेईल. लस शरीराला अशीच ओळख करून देते. अशक्त केलेला किंवा मेलेला जंतू शरीरात घातला की रक्त त्याची खूण पटवून ठेवते, आणि खरा शत्रू आला की त्याच्यावर तुटून पडते. पण ही ओळख करून देताना आजारच होऊन बसू नये, ही मोठी पंचाईत असते. हाफकिननी पटकीसाठी दोन टप्पे ठरवले. आधी दुबळे केलेले जंतू टोचायचे, आणि काही दिवसांनी मुद्दाम जोरदार केलेले. सशांवर व गिनीपिगांवर हे साधले. माणसावर साधेल की नाही हे कोण सांगणार?

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ते स्वतःला टोचून घेतले. ताप आला, अंग दुखले, आणि बरे वाटू लागल्यावर त्यांनी दुसरा टप्पाही घेतला. त्यांच्या रशियन मित्रांनीही टोचून घेतले. महिनाअखेर त्यांनी पॅरिसच्या विद्वानांपुढे निष्कर्ष मांडला, पण तिथे कौतुक बेताचेच झाले. रशियाने लस नाकारली. तेव्हा लॉर्ड डफरिन हे पॅरिसमध्ये इंग्रजांचे वकील होते, आणि पूर्वी ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हिंदुस्थानात जाण्याचे सुचवले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. वय तेहेतीस, देशी भाषा एकही येत नाही, जन्माने रशियन म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांना संशय, आणि डॉक्टरकीची पदवी नाही म्हणून सरकारी डॉक्टरांच्या मनात अढी. एवढे सामान घेऊन ते आले.

अशा माणसाने लोकांना काय सांगावे आणि कसे? ते आग्र्यापासून सुरुवात करून उत्तरेत फिरले, आणि जो राजीखुशीने येईल त्यालाच टोचायचे हा नियम त्यांनी ठेवला. दोन-सव्वादोन वर्षांत बेचाळीस हजारांवर लोकांनी टोचून घेतले. पण टोचलेला माणूस पटकीतून वाचला याला पुरावा काय? तो एरवीही वाचला असता. हा प्रश्न शास्त्रज्ञाला पडतो तसाच गावच्या म्हाताऱ्यालाही पडतो.

त्याचे उत्तर कलकत्त्याच्या कट्टाल बागान नावाच्या वस्तीत मिळाले. १८९४ च्या वसंतात तिथे एका तळ्याभोवती पटकी पसरली. सगळे त्याच तळ्याचे पाणी पिणारे, झोपड्या एकमेकींना लागून. सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले, बाकीचे राहिले. पुढे त्या वस्तीत दहा जणांना पटकी झाली आणि त्यांतले सात दगावले. ते दहाच्या दहा न टोचलेल्यांपैकी होते. ही गोष्ट समजायला इंग्रजी येण्याची गरज नाही. शेजारचे घर आणि आपले घर, पाणी तेच, हवा तीच, फरक फक्त सुईचा. हाफकिनची सगळी शिकवण या एका पद्धतीत आहे असे मला वाटते. त्यांनी मोठी भाषणे कमी दिली. एकाच जागचे, एकाच परिस्थितीतले दोन गट पाहायचे आणि मोजून दाखवायचे. आज औषधांची परीक्षा घेताना जगभर जे करतात त्याचेच हे आरंभीचे रूप. मात्र आता कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात. तेव्हा, जे स्वतःहून पुढे आले तेच मुळात जास्त काळजी घेणारे असतील, ही शंका उरतेच. ती शंका हाफकिननाही होती, हे पुढे दिसेल.

आता मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा पहिला रोगी ओळखला. मांडवी म्हणजे आपल्या समाजाची जुनी वस्ती. सॅम्युएल स्ट्रीट आणि १७९६ साली बांधलेले आपले पहिले सिनेगॉग शाअर हाराहामीम हे त्याच भागात. तेव्हा हा गाठीचा ताप आपल्या वाडवडिलांच्या दाराशीच आला होता. शहर रिकामे होऊ लागले. जो तो गावाकडे पळू लागला.

ऑक्टोबरात सरकारने हाफकिनना कलकत्त्याहून बोलावून घेतले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व ओवरी मिळाली, आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. त्या एवढ्याशा जागेत प्लेगची लस तयार झाली. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता, आणि तो उंदरांच्या पिसवांतून माणसात येतो हे तर अजून कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत केला. म्हणजे चोर कुठल्या वाटेने येतो हे कळण्याआधीच हाफकिनना दाराला कडी घालायची होती.

लस कशी करीत हे आपल्या गृहिणींना ऐकायला आवडेल. जंतू वाढवायला मांसाचा रसा लागे. गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा म्हटला असता तर हिंदू, मुसलमान आणि यहुदी तिघेही उठून गेले असते. म्हणून बकऱ्याचे मांस घेत. रश्यावर तुपाचे थेंब सोडीत. त्या तुपाच्या खाली प्लेगचे जंतू छताला लोंबणाऱ्या तंतूंसारखे वाढत. बाटली हलवली की ते तळाशी पडत आणि वर नवे धरत. भरपूर पीक आले की बाटली सत्तर अंशांच्या आसपास तापवून जंतू मारीत आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालीत. या खेपेस जंतू पुरते मेलेले होते. तुपाचा असा उपयोग आपल्या कोणा आजीच्या स्वप्नातही आला नसेल.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा पहिली सुई स्वतःलाच लावून घेतली, आणि तीही पुढे लोकांना देत त्याच्या कितीतरी पट मोठ्या मात्रेची. ताप भरला, दुखले, पण काही दिवसांत उतरले. मग कॉलेजातील काही लोक व शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी पुढे आली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे कट्टाल बागानसारखाच प्रसंग आला. एकच भिंत, एकच अन्न, एकच काम. कैद्यांपैकी सुमारे निम्मे राजीखुशीने पुढे आले. न टोचलेल्या १७२ जणांत बारांना प्लेग झाला व सहा मेले. टोचलेल्या १४७ जणांत दोघांना झाला आणि मेले कोणीच नाही.

पण तुरुंगातले आकडे बाहेरच्या माणसाला कोण सांगणार आणि सांगितले तरी तो का मानणार? त्या काळची मुंबई-पुण्याची स्थिती आठवावी. प्लेगच्या नावाखाली सोजीर घरात घुसत, बायाबापड्यांना तपासायला बाहेर काढीत, सामान जाळीत, माणसांना छावणीत नेऊन टाकीत. पुण्यात जून १८९७ मध्ये चाफेकर बंधूंनी रँडला ठार मारले. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. असल्या सरकारची सुई कोण घेणार? अफवाही तशाच. सुई हातभर लांब असते, टोचल्याबरोबर माणूस मरतो, पुरुष पुरुष राहत नाही, धर्म बुडतो, सरकार लोकांच्या अंगातून मोमयाई काढते. आज या गोष्टी ऐकून हसू येते, पण २०२१ साली करोनाच्या लसीबद्दल आपल्याच कानांवर काय काय आले ते आठवले म्हणजे हसू थांबते.

हाफकिननी ओळखले की आपण स्वतः कितीही सांगितले तरी ते परक्याचे बोलणे ठरणार. ज्याचा शब्द लोक मानतात त्याला आधी समजले पाहिजे. मुंबईत असे एक गृहस्थ भेटले ते खोजांचे धर्मगुरू आगाखान. त्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे होते, पण चौकस. त्यांनी हाफकिनकडून सगळे समजून घेतले आणि आपल्या अनुयायांच्या देखत दंड पुढे केला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हजारो खोजे त्यांच्या मागोमाग आले. आपला खुश्रू लॉज हा बंगलाही त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिला. या दोघांच्या स्नेहातून निघालेली एक गोष्ट इथल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. हाफकिननी आगाखानांमार्फत तुर्कस्तानच्या सुलतान अब्दुल हमीद यांच्याकडे असा प्रस्ताव पाठवला होता की पवित्र भूमीत जमीन विकत घेऊन यहुद्यांना वसू द्यावे. सुलतानाने तो मानला नाही. आगाखानांनी आपल्या आठवणींत ही हकिगत दिली आहे. म्हणजे परळच्या आधी, प्लेगच्या धामधुमीतही, या गृहस्थाच्या मनात आपण आज जिथे राहतो तोच देश होता.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी प्लेग पसरला. तिथे हाफकिननी आपली जुनी शंका मिटवली. स्वखुशीने पुढे येणारे आणि मागे राहणारे असे दोन गट न करता त्यांनी प्रत्येक कुटुंबाला समोर बसवले आणि घरातले साधारण निम्मे लोक टोचले. म्हातारे, मुले, बाया, पुरुष दोन्ही बाजूंना सारखे येतील हे पाहिले. आता एकाच चुलीवर जेवणारी, एकाच पडवीत निजणारी माणसे दोन गटांत होती. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांचा हिशेब झाला. टोचलेल्या ७१ जणांपैकी तीन मेले, न टोचलेल्या ६४ जणांपैकी सव्वीस. हे आकडे कागदावर वाचणे सोपे आहे. ज्या घरात थोरला भाऊ टोचला गेला आणि धाकटा राहिला, त्या घरात नंतर काय बोलले गेले असेल हे मनात आणवत नाही. हाफकिनना शास्त्र सिद्ध करायचे होते, आणि त्याची किंमत त्या गावाने दिली. हे झाकून त्यांचे चरित्र सांगणे मला बरे वाटत नाही.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. जिथे लाटसाहेबांच्या मेजवान्या झाल्या त्या वाड्यात आता बाटल्यांच्या रांगा लागल्या. तिथून लस देशभर आणि परदेशी जाऊ लागली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून दोन कोटी साठ लाख मात्रा गेल्या असा हिशेब आहे.

आणि मग मल्कोवाल. १९०२ च्या हिवाळ्यात पंजाबात टोचण्याची प्रचंड मोहीम सुरू झाली. ३० ऑक्टोबरला मल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांना टोचले. आठवड्याभराने त्यांतल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला, आणि एकोणीसही मेले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचले गेले होते. ही बाटली परळला एक्केचाळीस दिवसांपूर्वी भरली होती. त्या सुमारास हाफकिननी काम झपाट्याने व्हावे म्हणून कार्बोलिक ॲसिड घालणे सोडून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. चौकशी नेमली गेली, तिच्या अध्यक्षपदी मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. समितीने ठरवले की बाटली उघडण्यापूर्वीच, बहुधा परळलाच, दूषित झाली असावी. हाफकिनना कामावरून दूर करण्यात आले.

वाचकहो, इथे जरा थांबून पुरावा पाहू. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीतल्या रश्यात एक्केचाळीस दिवस वाढले असते तर बूच काढताच भयंकर दुर्गंध आला असता. तसा वास कोणाला आला नव्हता. शिवाय इतक्या दिवसांचे विष साठले असते तर रोग एक-दोन दिवसांतच उठला असता, आठवड्याने नव्हे. आणि मल्कोवालला त्या दिवशी काय घडले होते? बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. चिमटा ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरला गेला. हे सारे कागदपत्रांत होते. पण वाचणाऱ्यांना त्यातला अर्थ लागला नाही, किंवा लावून घ्यायचा नव्हता. ज्या माणसाने अडाणी समजल्या जाणाऱ्या लोकांना आकडे समजावले, त्याला विद्वान न्यायाधीशांना आणि सरकारी डॉक्टरांना वासाची गोष्ट समजावता आली नाही.

हाफकिन १९०४ साली लंडनला गेले आणि काही वर्षे या एकाच गोष्टीच्या मागे लागले. लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावा नव्याने तपासला आणि दोष बाटली उघडताना घडला असे मत दिले. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये त्यांनी व आणखी नऊ नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले. तेव्हा काही लोकांनी या प्रकरणाला छोटे ड्रायफस प्रकरण असे नाव दिले. ड्रायफस आदल्याच वर्षी निर्दोष सुटला होता. यहुदी म्हणूनच हाफकिनवर अन्याय झाला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला वाटते, परका आणि डॉक्टर नसलेला असणे हेही तितकेच नडले. पण ज्याला एका दाराने आत घेत नाहीत त्याला बहुधा सगळीच दारे अरुंद होतात.

त्या एकोणीस जणांच्या घरच्यांना मात्र यातले काहीच कोणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही. पंजाबात मोहीम कोसळली, लोकांचा विश्वास उडाला आणि प्लेग पुढे कित्येक वर्षे तिथे माणसे नेत राहिला.

नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिनना परत घेतले, पण परळला नाही. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत जागा दिली आणि माणसांवर लसीचे प्रयोग करण्याची परवानगी दिली नाही. स्वतःच्या दंडापासून ज्याने काम सुरू केले त्याला आता फक्त कागद लिहायचे होते. १९१५ च्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न केले नव्हते. उतारवयात ते अधिकाधिक धर्मनिष्ठ होत गेले. १९१६ साली त्यांनी सनातन यहुदी आचाराच्या बाजूने एक निबंध लिहिला, तो अमेरिकेत गाजला. जंतूंचे शास्त्र जाणणारा माणूस कोशेर आणि शब्बाथ यांची बाजू मांडतो याचे पुष्कळांना नवल वाटले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. मुंबईच्या कामात आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे गेली, अशा आशयाचे पत्र त्यांनी तेव्हा लिहिले.

ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील येशिवांसाठी ठेवली होती, आणि अट घातली होती की तिथल्या मुलांना शास्त्राचे विषय व एखादा हातोद्योगही शिकवावा. त्यातल्या बहुतेक येशिवा पुढल्या महायुद्धात मुलांसकट गेल्या. परळची संस्था आजही उभी आहे. १९६४ साली भारत सरकारने हाफकिनच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. त्या वर्षी मुंबईहून आलेल्या जुन्या पत्रांची बोचकी ज्यांच्या घरी असतील त्यांनी एकदा पाकिटे उलटून पाहावीत. आमच्याकडे एक निघाले.